अलार्म बसवणारे खूप, तपासणारे कमी: घरच्या अलार्मची चाचणी, देखभाल आणि त्यातला सर्व्हिस बिझनेस



व्हिडिओमध्ये आपण अलार्म सिस्टमच्या एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा बिझनेस बघितला. चाचणी नेमकी कोणत्या क्रमाने करायची, बॅटरीचा आकडा कसा वाचायचा आणि कराराचा रेट कसा काढायचा, हे सगळं व्हिडिओत मावलं नाही. ते इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी एक साधा प्रश्न. आपल्याकडे घरात अलार्म कधी बसतो? शेजारी चोरी झाली की, नाहीतर घरातले सगळे बरेच दिवस परगावी जाणार असले की. बसवणारा येतो, काम करतो, पैसे घेतो आणि जातो. पुढे दोन-तीन वर्षं पॅनलचं झाकण कोणी उघडत नाही. हिरवा दिवा चालू दिसतो, म्हणून घरातल्यांना वाटतं की सिस्टम चालू आहे. पण बऱ्याच पॅनलवर तो दिवा फक्त एवढंच सांगतो की लाईट येतेय. आतली बॅटरी मेलेली असू शकते, सिमचं रिचार्ज संपलेलं असू शकतं, सायरनची वायर उंदराने कुरतडलेली असू शकते.

आता समजा, एखादं निवृत्त जोडपं दोन महिन्यांसाठी मुलीकडे बंगळुरूला निघालंय. ते अलार्मच्या भरवशावर कुलूप लावून जातात. त्या भरवशात किती दम आहे, हे त्यांना माहीत नसतं. ते शोधून खरं खरं सांगणं, हे आपलं काम आणि हाच आपला बिझनेस.

सिस्टममध्ये असतं काय काय?

ब्रँड कोणताही असो, घरगुती बर्गलर अलार्मचे पाच भाग असतात.

१. कंट्रोल पॅनल: सगळ्यांचे सिग्नल इथे येतात. वायरवाल्या सिस्टममध्ये आत बहुतेक वेळा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते.

२. दार-खिडकीचे सेन्सर: चौकटीवर रीड स्विच आणि दारावर चुंबक. चुंबक लांब गेलं की स्विचची स्थिती बदलते आणि पॅनलला कळतं.

३. मोशन सेन्सर, म्हणजे पीआयआर: माणसाच्या शरीरातून निघणारी उष्णता हलली की हा ओळखतो. साधारण ७ ते ८ फूट उंचीवर बसवतात.

४. सायरन: एक आत, एक बाहेर.

५. कळवणारा भाग: सिमवर चालणारा डायलर, नाहीतर वाय-फायवरून अ‍ॅपला जाणारा संदेश.

या पाचही भागांची साखळी आहे. सेन्सर उत्तम आणि सिम बंद, तर बंगळुरूला बसलेल्या माणसाला काही कळणार नाही. म्हणून सुटा भाग तपासून थांबायचं नाही, दार उघडण्यापासून फोन वाजण्यापर्यंतची पूर्ण साखळी तपासायची.

चाचणी सुरू करण्याआधी

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी तीन कामं करा.

पहिलं, शेजाऱ्यांना आणि सोसायटीच्या वॉचमनला सांगा. कस्टमरने मॉनिटरिंग कंपनीची सेवा घेतली असेल, तर त्यांना फोन करून सिस्टम टेस्टवर टाकायला सांगा. दुसरं, वेळ दिवसाची ठेवा. ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ धरली जाते, त्या वेळात सायरन वाजवून बघायचा नाही. शिवाय घरात लहान बाळ, आजारी माणूस किंवा कुत्रा आहे का, ते विचारा. तिसरं, सगळे झोन कागदावर लिहून काढा: झोन १ मुख्य दार, झोन २ बाल्कनी, असं. बऱ्याच घरांत कोणता झोन कुठला हे घरातल्यांना माहीतच नसतं. हा कागद पॅनलच्या दाराच्या आत चिकटवून द्या. खर्च शून्य, पण कस्टमर तो कायम लक्षात ठेवतो.

चाचणीचा क्रम

पायरी १: नजरेने तपासणी. धूळ, गंज, सैल वायर, मुंग्या, कोळ्याची जाळी. बाहेरच्या सायरनमध्ये पाणी गेलंय का बघा. पीआयआरची भिंग कोरड्या मऊ कापडाने पुसा. थिनर, पेट्रोल किंवा काच पुसायचा स्प्रे वापरू नका, प्लास्टिकची भिंग खराब होते.

पायरी २: दार-खिडक्या. टेस्ट मोड लावा आणि प्रत्येक दार स्वतः उघडा. फट किती पडल्यावर सेन्सर बोलतो ते बघा. दार अर्धं उघडल्यावर बोलत असेल, तर चुंबक सरकवून घ्या. उलट दार बंद असताना चुंबक आणि स्विचमधलं अंतर जास्त असेल, तर वाऱ्याने दार हललं तरी अलार्म वाजेल.

पायरी ३: मोशन सेन्सर. खोलीतून नेहमीच्या चालीने आडवे चाला. पीआयआरला समोरून सरळ येणारा माणूस उशिरा कळतो, आडवा जाणारा लवकर कळतो. म्हणून दोन्ही प्रकारे चालून बघा आणि कुठे सेन्सरला दिसत नाही, ते लिहून ठेवा.

इथे नवीन मुलं नेहमी गोंधळतात. बॅटरीवर चालणारे बरेच वायरलेस पीआयआर एकदा सिग्नल दिल्यावर बॅटरी वाचवायला दोन-तीन मिनिटं झोपतात. लगेच परत चाललात आणि काही झालं नाही, की वाटतं सेन्सर गेला. कस्टमरला नवीन सेन्सर विकायच्या आधी तीन मिनिटं थांबा आणि मग परत चाला.

पायरी ४: टँपर आणि पॅनिक बटण. पॅनलचं किंवा सेन्सरचं झाकण उघडल्यावर वेगळा इशारा यायला हवा. पॅनिक बटण घरातल्या आजी-आजोबांच्या हातूनच दाबून घ्या. बटण चालणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच ते त्यांच्या हाताला सापडणं महत्त्वाचं.

पायरी ५: सायरन. दोन-तीन सेकंद पुरे. सायरनजवळ उभं राहायचं असेल तर कानात बोळे घाला. आवाज बसका किंवा तुटक येत असेल तर आधी बॅटरी आणि वायरिंग बघा, सायरन लगेच बदलू नका.

पायरी ६: फोन येतो का? डायलरमध्ये टाकलेल्या प्रत्येक नंबरवर कॉल किंवा मेसेज येतोय का, ते तो फोन समोर ठेवून बघा. मुलाने दोन वर्षांपूर्वी नंबर बदललाय आणि पॅनलमध्ये जुनाच आहे, असं सहज होतं. अलार्मचा नंबर फोनमध्ये नावाने सेव्ह करून घ्या, नाहीतर स्पॅम समजून कट होतो. रात्री फोन सायलेंटवर असला तरी हा एक नंबर वाजेल, अशी सेटिंग करून द्या. आणि ११२ हा नंबर ऑटो डायलरमध्ये टाकू नका. आधी घरचे, मग शेजारी, मग वॉचमन. माणसाने खात्री करायची आणि माणसानेच ११२ ला फोन करायचा.

सिमबद्दल अजून एक. फक्त २जीवर चालणाऱ्या जुन्या डायलरमध्ये जिओचं सिम चालणार नाही, कारण जिओचं नेटवर्क ४जीपासून सुरू होतं. कस्टमरने स्वस्त रिचार्ज बघून सिम पोर्ट केलं की जुना डायलर मुका होतो. विचारून घ्या.

पायरी ७: लाईट घालवा. ही सगळ्यात महत्त्वाची चाचणी, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. कस्टमरला विचारून मेन स्विच बंद करा आणि मग दार उघडा. सायरन वाजतो का? फोन येतो का? वाय-फायवरच्या सिस्टममध्ये इथेच खरी गोष्ट बाहेर पडते. अलार्मला बॅटरी असते, पण राउटरला नसते. लाईट गेली की राउटर बंद, आणि राउटर बंद की संदेश बंद. यावर उपाय म्हणजे राउटरला छोटा यूपीएस, नाहीतर सिमचा पर्याय असलेला पॅनल. हा यूपीएस विकणं ही जबरदस्ती नाही, कस्टमरची ती खरी गरज आहे, आणि ती तुम्ही त्याच्या डोळ्यांसमोर दाखवलेली आहे.

बॅटरीचा आकडा वाचताना फसू नका

मल्टीमीटर लावला, १३.६ व्होल्ट दिसले, "बॅटरी ओके" लिहिलं आणि निघालो. असं करायचं नाही. चार्जर जोडलेला असताना जो १३.५ ते १३.८ दिसतो तो चार्जरचा आकडा आहे. मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा तेवढा दाखवते.

खरी तपासणी लोडवर होते. लाईट बंद करा, १५-२० मिनिटं सिस्टम बॅटरीवर चालू द्या, मग सायरन काही सेकंद वाजवा आणि त्याच वेळी मीटर बघा. चांगली बॅटरी १२ च्या वर टिकते. आकडा भराभर ११.५ च्या खाली घसरला तर बॅटरी बदलायची वेळ झाली.

बॅकअपचा हिशोब असा. समजा पॅनल, कीपॅड, सेन्सर आणि डायलर मिळून ०.३ अँपिअर घेतात. ७ भागिले ०.३ म्हणजे कागदावर सुमारे २३ तास. पण बॅटरी जुनी होऊन निम्मी क्षमता उरली असेल, तर ११-१२ तास, आणि मध्ये सायरन वाजला तर त्याहून कमी. जिथे वादळानंतर लाईट दिवसभर येत नाही अशा गावात हा फरक फार मोठा आहे.

लेड-अ‍ॅसिड बॅटरीची सगळ्यात मोठी शत्रू उष्णता. २५ अंशांच्या वर दर ८-१० अंश वाढीला तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा इन्व्हर्टरला चिकटून पॅनल बसवलेला दिसला तर जागा बदलायचा सल्ला द्या. बॅटरी बसवताना तिच्यावर मार्करने तारीख लिहा. काढलेली जुनी बॅटरी कचऱ्यात टाकायची नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे ती विक्रेत्याकडे किंवा अधिकृत रिसायकलरकडे गेली पाहिजे, आणि जुन्या बॅटरीला पैसेही मिळतात. ते बिलात वजा करून दाखवा.

खोटा अलार्म: विश्वास इथे तुटतो

दोन-तीन वेळा उगाच वाजला की घरातले अलार्म लावणंच सोडून देतात. शेजारीही मग लक्ष देत नाहीत. आपल्याकडची नेहमीची कारणं ही:

• पाल. सेन्सरच्या भिंगेवरून पाल गेली की सेन्सरला ती मोठी हालचाल वाटते. फटी सिलिकॉनने बंद करा आणि सेन्सर ट्यूबलाइटपासून लांब ठेवा, कारण उजेडाला किडे येतात आणि किड्यांमागे पाल येते.

• पावसाळ्यात फुगलेलं दार. कोकणात आणि मुंबईत सागवानी दारसुद्धा जूनमध्ये नीट बसत नाही. चुंबकाचं अंतर बदलतं.

• ऊन, एसी, पंख्याने हलणारा पडदा. पीआयआरचं तोंड खिडकीकडे किंवा एसीकडे नको.

• कमी झालेली सेल. वायरलेस सेन्सर मरण्याआधी विचित्र वागतो.

याची दुसरी बाजूही आहे. विदर्भात मे महिन्यात बंद घराचं तापमान माणसाच्या शरीराच्या तापमानाजवळ जातं. त्या वेळी पीआयआरला माणूस आणि भिंत यांतला फरक कमी दिसतो आणि तो कमी संवेदनशील होतो. नागपूर-चंद्रपूरकडे काम करत असाल तर एक चाचणी भर उन्हाळ्यात, दुपारी करा. फक्त पीआयआरवर भरवसा न ठेवता दाराचे सेन्सर असलेच पाहिजेत.

गॅस आणि धुराचे डिटेक्टर

कस्टमर म्हणेल, "हे पण बघून घ्या ना." बघा, पण समजून.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो. म्हणून सिलेंडरच्या घरात डिटेक्टर जमिनीपासून साधारण एक फुटावर. पाइपचा गॅस, म्हणजे पीएनजी, हवेपेक्षा हलका, वर जातो. त्याचा डिटेक्टर छताजवळ. आता पुण्या-मुंबईत कितीतरी घरं सिलेंडरवरून पीएनजीवर गेली आहेत, आणि डिटेक्टर मात्र खालीच राहिलाय. म्हणजे गळती झाली तरी तो उशिरा ओरडणार, किंवा ओरडणारच नाही. हे तुम्ही पकडलंत तर त्या घरासाठी ती वर्षातली सगळ्यात उपयोगी भेट ठरेल. जागा बदलताना ते मॉडेल पीएनजीसाठी चालतं का, तेही बघा.

टेस्ट बटण दाबल्यावर भोंगा आणि सर्किट चालतंय एवढंच कळतं. गॅस ओळखतोय का, हे कंपनीने सांगितलेल्या टेस्ट गॅसनेच बघायचं. सिलेंडरचा गॅस सोडून चाचणी कधीही करायची नाही.

स्मोक डिटेक्टर महिन्यातून एकदा बटण दाबून तपासावा आणि १० वर्षांनी पूर्ण बदलावा, अशी अमेरिकेतल्या एनएफपीए या संस्थेची शिफारस आहे. आपल्याकडे मोठ्या इमारतींच्या फायर अलार्मसाठी आयएस २१८९ हे मानक आहे. ते काम वेगळं, त्याला वेगळं प्रशिक्षण आणि परवाने लागतात. घरगुती एएमसीच्या नावाखाली सोसायटीची फायर सिस्टम हातात घेऊ नका.

वेळापत्रक कसं लावायचं?

दर महिन्याला कस्टमरने स्वतः: एक दार उघडून अलार्म वाजवणं, फोन येतो का बघणं, सिमचं रिचार्ज बघणं. पाच मिनिटांचं काम. महिन्याच्या १ तारखेला व्हॉट्सअ‍ॅपवर तुमची आठवण जायला हवी.

वर्षातून दोनदा तुम्ही: वरच्या सातही पायऱ्या. एक भेट एप्रिल-मेमध्ये, सुट्टीत घरं बंद होण्याआधी. या वेळी वळवाच्या विजांसाठी अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टरही बघा. दुसरी भेट पावसाळ्यात, गणपतीला गावी जाणाऱ्यांची घरं बंद होण्याआधी, दारं फुगलेली असतानाच.

नवीन कस्टमर मिळवायलाही याच दोन वेळा चांगल्या. "सुट्टीला जाण्याआधी अलार्म चेकअप" ही एक ओळ सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक जाहिरातीपेक्षा जास्त काम करते.

रेट कसा काढायचा?

हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावाचे टाका. समजा एका भेटीला प्रवासासकट अडीच तास लागतात, तासाची तुमची मजुरी २५० रुपये, पेट्रोल १०० रुपये.

एक भेट: ६२५ + १०० = ७२५ रुपये
ठरलेल्या दोन भेटी: १,४५० रुपये
तक्रारीची एक भेट धरून चाला: ७२५ रुपये
फोन, रिपोर्ट, किरकोळ: २०० रुपये
एकूण खर्च: २,३७५ रुपये
२० टक्के नफा: ४७५ रुपये
कराराची रक्कम: २,८५० रुपये

हा बॅटरी आणि सुटे भाग सोडून, म्हणजे नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह करार. सुरुवातीला हाच करा. सुट्या भागांसकट करार तेव्हाच द्या, जेव्हा कोणती बॅटरी किती टिकते याची तुमच्याकडे दोन-तीन वर्षांची नोंद असेल.

आता ६० कस्टमर झाले तर काय? १,७१,००० रुपये जमा. त्यातून पेट्रोल १८,०००, किरकोळ १२,०००. हातात मजुरी आणि नफा मिळून १,४१,०००. काम किती? १८० भेटी, ४५० तास, म्हणजे रोज ८ तास धरले तर साधारण ५६ दिवस. थोडक्यात, नुसत्या ६० करारांवर घर चालणार नाही. पण तुम्ही इलेक्ट्रिशियन असाल, सीसीटीव्हीचं काम करत असाल, तर त्याला हा ठरलेल्या उत्पन्नाचा आधार आहे. कस्टमर एकाच भागातले मिळवा. प्रवासाचा अर्धा तास वाचला की नफा तिथेच वाढतो.

उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करून घ्या. सेवांसाठी महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख उलाढाल आहे, म्हणजे सुरुवातीला ती चिंता नाही.

या धंद्यात तुम्ही विकता तो विश्वास

विचार करा, तुम्हाला लोकांच्या घराच्या सुरक्षेतल्या फटी माहीत होणार आहेत. घर कधी बंद असतं, कोणता सेन्सर कच्चा, पॅनल कुठे. म्हणून हे नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

• कस्टमरचा कोड विचारू नका, त्याने स्वतः दाबायचा. काम झाल्यावर त्याच्याकडून कोड बदलून घ्या.

• पॅनलचा कंपनीकडून आलेला इन्स्टॉलर कोड तसाच असेल तर बदला आणि बंद पाकिटात कस्टमरकडे द्या.

• कोणाच्या घराचे फोटो, झोनचा कागद व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा स्टेटसवर टाकू नका. "आजचं काम" दाखवायचा मोह होतो, तो टाळा.

• मदतनीस ठेवलात तर त्याचं पोलीस व्हेरिफिकेशन करा आणि ओळखपत्र द्या.

• "आता चोरी होणारच नाही" असं कधी म्हणू नका. करारात लिहा की आपण चाचणी आणि देखभालीची जबाबदारी घेतो, चोरी न होण्याची हमी देत नाही.

• प्रत्येक भेटीचा लेखी रिपोर्ट द्या: तारीख, कोणता झोन पास, कोणता नापास, बॅटरीचा लोडवरचा आकडा, काय सुचवलं आणि कस्टमरने काय नाकारलं. खाली दोघांच्या सह्या.

शेवटचा मुद्दा सगळ्यात कामाचा. कस्टमर म्हणाला, "बॅटरी पुढच्या वेळी बघू," तर रिपोर्टमध्ये तसंच लिहा आणि सही घ्या. उद्या काही झालं तर तुम्ही सांगितलं होतं, याचा पुरावा राहतो. आणि कित्येकदा सही करायला पेन हातात घेतला की कस्टमर म्हणतो, "थांबा, बदलूनच टाका."

या आठवड्याचा गृहपाठ

१. एक साधा मल्टीमीटर घ्या आणि तीन वेगवेगळ्या १२ व्होल्ट बॅटऱ्या लोडवर मोजायचा सराव करा.

२. ओळखीच्या दोन घरांत किंवा दुकानांत अलार्म असेल, तर मालकाच्या परवानगीने सातही पायऱ्या मोफत करा. किती वेळ लागतो ते घड्याळ लावून लिहा.

३. एका पानाचा रिपोर्टचा नमुना तयार करा.

४. वरचं रेटचं गणित तुमच्या आकड्यांनी मांडा.

दुसरा गृहपाठ टाळू नका. लाईट बंद करून दार उघडलं आणि फोन वाजला नाही, तर त्या मालकाचा चेहरा बघा. एएमसी का घ्यायची, हे तुम्हाला त्याला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओमध्ये. तोपर्यंत शिकत राहा, करत राहा!